पोकळीचे बल आणि शंभर टक्के त्रुटीचा प्रामाणिकपणा

१/
१९५८ साली नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून मार्कस स्पारनाय यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील मापनाची त्रुटी जवळजवळ १०० टक्के होती. निष्कर्षही तितकाच संकोचलेला होता: निरीक्षणे सिद्धांताच्या विरोधात जात नाहीत, एवढेच. महाविद्यालयाच्या प्रयोगवहीत असा निकाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोग पुन्हा करायला लावतात. तरीही पुंजभौतिकीतील एका विलक्षण बलाच्या मापनाचा इतिहास पाहिला, तर त्यातील सर्वांत मानाचे पान याच निबंधाला द्यावे लागेल. या धाग्यात त्या मताची कारणे मांडली आहेत.

२/
आधी ते बल कोणते, ते पाहू. धातूचे दोन गुळगुळीत, विद्युतभाररहित पत्रे निर्वात पोकळीत एकमेकांना समांतर आणि अतिशय जवळ ठेवले, तर ते एकमेकांकडे ओढले जातात. त्यांच्यात चुंबकत्व नाही, विद्युतभार नाही आणि गुरुत्वाकर्षण तर नगण्यच. डच भौतिकशास्त्रज्ञ हेन्ड्रिक कॅसिमिर यांनी मे १९४८ मध्ये नेदरलँड्सच्या राजेशाही विज्ञान अकादमीपुढे हे भाकीत मांडले. तेव्हापासून या बलाला त्यांचेच नाव आहे.

३/
कथेचा उगम मात्र पोकळीत नाही, तो एका गढूळ द्रवात आहे. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत फेरवे आणि ओव्हरबेक हे कलिलांचा, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा, अभ्यास करीत होते. हे कण कधी एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि कधी तरंगत राहतात, हा प्रश्न उद्योगाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. लंडन यांच्या सिद्धांतानुसार येणारे रेणूंमधील आकर्षण निरीक्षणांशी नीट जुळेना. अंतर वाढले की आकर्षण सिद्धांताच्या अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने कमी होत असावे, अशी शंका ओव्हरबेक यांना आली.

४/
कॅसिमिर आणि त्यांचे सहकारी डर्क पोल्डर यांनी हा प्रश्न हाती घेतला. एका अणूची ‘खबर’ दुसऱ्यापर्यंत प्रकाशाच्या वेगाने पोहोचते, तत्क्षणी नव्हे. या विलंबाचा हिशेब केला, तेव्हा दूरच्या दोन अणूंमधील ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताऐवजी सातव्या घाताने घटते, असे निघाले. गणित किचकट, पण उत्तर आश्चर्यकारकपणे सुटसुटीत होते. इतके सोपे उत्तर का यावे, हे कोडे कॅसिमिर यांनी फिरायला गेले असताना नील्स बोर यांच्यापुढे ठेवले. बोर शून्यबिंदू ऊर्जेविषयी काहीतरी पुटपुटले. कॅसिमिर यांच्याच आठवणीनुसार तेवढ्या पुटपुटण्याने त्यांना नवी वाट सापडली.

५/
ती वाट अशी. पुंजसिद्धांतानुसार रिकाम्या पोकळीतही विद्युतचुंबकीय क्षेत्र पूर्ण स्तब्ध नसते. प्रत्येक शक्य तरंगाला किमान ऊर्जेचा एक वाटा असतोच. दोन पत्र्यांच्या मध्ये मात्र ठरावीक लांबीचेच तरंग मावतात. आतला आणि बाहेरचा हिशेब वजा केला की एक सान्त फरक उरतो आणि तो पत्र्यांना एकमेकांकडे ढकलतो. आदर्श वाहकासाठी हा दाब अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. सूत्रात प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग येतो, पण धातूचे नाव कुठेही येत नाही. सूत्राचे सौंदर्य यातच आहे, आणि पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळही यातच.

६/
आता परिमाण पाहू. १ चौरस सेंटिमीटरचे दोन पत्रे एकमेकांपासून १ मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या अंतरावर, ठेवले तर त्यांच्यातील आकर्षण सुमारे १३ मायक्रोग्रॅम वजनाएवढे भरते. हा साध्या डासाच्या वजनाचा साधारण दोनशेवा भाग झाला. अंतर निम्मे केले की बल सोळा पट होते आणि दुप्पट केले की सोळावा भाग उरतो. म्हणजे अंतर मोजताना झालेली १ टक्का चूक बलाच्या हिशेबात ४ टक्के होऊन उभी राहते. येथे बल मोजणे हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे काम अंतर मोजण्याचे, आणि तेच अधिक कठीण आहे.

७/
प्रयोगकर्त्याचे शत्रू तीन. पहिला धूळ: हवेतला साधा कणही या फटीपेक्षा कित्येक पट मोठा असू शकतो. दुसरा तिरपेपणा: सेंटिमीटरभर रुंदीच्या पत्र्याची एक कड १ मायक्रॉनने जरी वर राहिली, तरी प्रयोग संपला. तिसरा शत्रू सर्वांत कपटी, तो म्हणजे वीज. १ मायक्रॉन अंतरावर पत्र्यांमध्ये केवळ १७ मिलिव्होल्टचा विभवांतर असला, तरी त्याचे आकर्षण कॅसिमिर बलाइतकेच होते. भिंतीवरच्या घड्याळातील दीड व्होल्टच्या सेलचा हा जेमतेम नव्वदावा भाग आहे. आणि एकाच धातूच्या पृष्ठभागावरही जागोजागी असे लहान फरक मुळातच असतात.

८/
पहिली विश्वसनीय मापने मॉस्कोत झाली. बोरिस देर्यागिन आणि इरिना अब्रिकोसोव्हा यांनी १९५० च्या दशकात सपाट पत्र्यासमोर दुसरा पत्रा ठेवण्याऐवजी बहिर्वक्र भिंग ठेवले. गोलाला तिरपेपणा नसतो, म्हणून समांतरतेची कटकट मिटली. गोल आणि सपाट पृष्ठभागांमधील बलावरून दोन सपाट पृष्ठभागांचे उत्तर कसे काढायचे, हे देर्यागिन यांनी १९३४ सालीच दाखवले होते. मापनासाठी त्यांनी स्वतःच तोल सावरणारा एक अतिसूक्ष्म तराजू घडवला. मात्र त्यांचे पृष्ठभाग धातूचे नव्हते, क्वार्ट्झ आणि काचेसारख्या अवाहक पदार्थांचे होते.

९/
त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये ओव्हरबेक आणि स्पारनाय काचेच्या सपाट पट्ट्यांमधील आकर्षण मोजत होते. त्यांचे आकडे मॉस्कोच्या आकड्यांहून कितीतरी पटींनी मोठे येत होते. फरक थोडाथोडका नव्हता, परिमाणाच्या कोटीच वेगळ्या होत्या. दोन गटांत वाद झडला. अखेर मॉस्कोचे आकडे ग्राह्य ठरले. काचेवर साचून राहिलेला विद्युतभार हा असल्या प्रयोगांतला छुपा गुन्हेगार आहे, हा धडा सर्वांनाच मिळाला.

१०/
दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. स्पारनाय यांनी पुढचा प्रयोग धातूच्या पत्र्यांवर केला, कारण धातूवरचा भार काढून टाकता येतो. स्प्रिंगवर तोललेला पत्रा, विद्युत धारितेवरून काढलेले अंतर आणि अर्ध्या ते दोन मायक्रॉनची फट, अशी त्यांची मांडणी होती. धूळ, कंपने आणि उरलेसुरले विभवांतर यांच्याशी झुंज देऊन त्यांनी जे मिळाले ते जसेच्या तसे मांडले. आकर्षण दिसते आहे आणि ते अपेक्षित परिमाणाच्या आसपास आहे. पण त्रुटी इतकी मोठी आहे की ‘सिद्ध झाले’ असे म्हणता येणार नाही.

११/
या सावधपणाची किंमत लक्षात घ्यायला हवी. भाकीत करणारे कॅसिमिर त्याच संस्थेच्या संशोधन विभागाचे एक संचालक होते. दहा वर्षे त्या सुंदर सूत्राला प्रयोगाचा आधार नव्हता. ‘पडताळा मिळाला’ हे दोन शब्द लिहिण्याचा मोह कोणालाही झाला असता. स्पारनाय यांनी ते लिहिले नाहीत. ‘विरोध करीत नाही’ आणि ‘पुष्टी देते’ या दोन क्रियापदांतले अंतर त्यांनी राखले. विज्ञानाचा प्रामाणिकपणा अनेकदा अशा एखाद्या क्रियापदातच साठलेला असतो.

१२/
दरम्यान सिद्धांतही पुढे सरकला. सोव्हिएत शास्त्रज्ञ येव्गेनी लिफ्शिट्झ यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर खऱ्या पदार्थांसाठी व्यापक सिद्धांत दिला. त्यात धातू किंवा काच निरनिराळ्या वारंवारतेच्या प्रकाशाला कसा प्रतिसाद देते, याला मध्यवर्ती स्थान आहे. तापमानही त्यात येते. म्हणजे कॅसिमिर यांच्या सूत्रातून गायब झालेले धातूचे नाव मागच्या दाराने परत आले. १९६१ मध्ये झालोशिन्स्की, लिफ्शिट्झ आणि पितायेव्स्की यांनी तर दाखवले की, मध्ये योग्य द्रव असेल तर हेच बल आकर्षणाऐवजी प्रतिकर्षणही करू शकते. त्याचे थेट मापन २००९ मध्ये झाले: ब्रोमोबेंझिनमध्ये, सोने आणि सिलिका यांच्यात.

१३/
मधली दशके संथ पण भक्कम कामाची होती. केंब्रिजमध्ये टेबर यांच्या गटाने अभ्रक वापरला. अभ्रकाचा पापुद्रा सोलला की अणूच्या पातळीपर्यंत सपाट पृष्ठभाग मिळतो. १९७२ मध्ये इस्राएलाश्विली आणि टेबर यांनी दीड ते १३० नॅनोमीटर या पट्ट्यातील बल मोजले आणि जवळच्या नियमाकडून दूरच्या नियमाकडे होणारे संक्रमण दाखवले. १९७८ मध्ये व्हान ब्लोकलँड आणि ओव्हरबेक यांनी क्रोमियमचा मुलामा दिलेल्या भिंगाने आणि पत्र्याने धातूंसाठी बरेच सुधारित मापन केले. या कामांची वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नाही.

१४/
दखल घेतली गेली ती १९९७ मध्ये. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्टीव्ह लामोरो यांनी पीळ-लोलक वापरून, सोन्याचा मुलामा दिलेले भिंग आणि सपाट पट्टी यांच्यातील बल ०.६ ते ६ मायक्रॉन अंतरावर मोजले. बारीक तारेला टांगलेल्या दांडीला किंचित पीळ पडतो, आणि तो पीळ सावरायला लागणाऱ्या विद्युतबलावरून उत्तर मिळते. सिद्धांताशी ५ टक्क्यांच्या आत मेळ बसल्याचा दावा जगभर गाजला. या विषयाला नवी पालवी फुटली ती याच प्रयोगाने. त्याचे श्रेय लामोरो यांना निर्विवादपणे द्यायला हवे.

१५/
पण कथा तेथे थांबली नाही. पुढच्याच वर्षी लामोरो यांनी स्वतः शुद्धिपत्र प्रसिद्ध केले. भिंगाची वक्रता-त्रिज्या ११.३ सेंटिमीटर धरली होती. ज्या ठिकाणी पृष्ठभाग जवळ येत होते, तेथे ती प्रत्यक्षात १२.५ सेंटिमीटर निघाली. या बदलाने अपेक्षित बल सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. उलट सोने आदर्श वाहक नाही, हे नीट हिशेबात घेतले की ते पुन्हा खाली येते. म्हणजे मूळ तुलनेत दोन उणिवा परस्परांना बऱ्याच अंशी झाकत होत्या. मेळ बसला होता, पण चुकीच्या कारणाने. हे जाहीरपणे मान्य करण्यात लामोरो यांचा मोठेपणा आहे, आणि इतरांसाठी इशाराही.

१६/
१९९८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत उमर मोहिदीन आणि अनुश्री रॉय यांनी आण्विक बल सूक्ष्मदर्शक वापरला. अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला, सुमारे २०० मायक्रॉन व्यासाचा प्लास्टिकचा गोळा पट्टीजवळ नेऊन त्यांनी ०.१ ते ०.९ मायक्रॉन अंतरावर मापन केले. सर्वांत जवळच्या अंतरावर त्यांनी १ टक्क्याची परिशुद्धता सांगितली. कॅसिमिर यांची मूळ मांडणी, म्हणजे दोन समांतर धातूचे पत्रे, पुन्हा जमवली ती २००२ मध्ये इटलीतील पादुआ येथे ब्रेसी, कारुन्यो, ओनोफ्रिओ आणि रुओसो यांनी. त्यांची परिशुद्धता १५ टक्के होती. स्पारनाय यांच्यानंतर ४४ वर्षांनी, संगणक आणि सूक्ष्मनियंत्रण हाताशी असूनही १५ टक्के! या आकड्यावरून १९५८ च्या १०० टक्क्यांकडे पाहिले की त्या निबंधाविषयीचा आदर वाढतो.

१७/
त्रुटी लहान होत गेली तसा वाद मात्र वाढला. खोलीच्या तापमानाला असलेल्या सोन्यासाठी बल नेमके किती? सोन्याला विद्युतरोध असतो, त्यामुळे अतिमंद वारंवारतेला ऊर्जा वाया जाते. हे धरणाऱ्या प्रारूपाला ड्रूड यांचे नाव आहे. हा ऱ्हास वगळणारे प्रारूप प्लाझ्मा म्हणून ओळखले जाते. फार मोठ्या अंतरावर पहिले प्रारूप दुसऱ्याच्या निम्मेच बल सांगते. रोजच्या व्यवहारातील तारेला रोध असतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मग ड्रूडच खरे असायला हवे. पण रिकार्डो डेक्का आणि सहकाऱ्यांच्या इंडियानापोलिस येथील मापनांची साक्ष प्लाझ्माच्या बाजूने पडली.

१८/
२०११ मध्ये येल येथे लामोरो यांच्याच गटाने ०.७ ते ७ मायक्रॉन पट्ट्यात मापन करून ड्रूडच्या बाजूने कौल दिला. पण तेथे मोजलेल्या एकूण बलातून पृष्ठभागावरील विखुरलेल्या विभवाचे बल प्रारूप वापरून वजा करावे लागले होते. २०१६ मध्ये बिमोंते, लोपेझ आणि डेक्का यांनी विद्युतबलाचा वाटा मांडणीतूनच गळून पडेल अशी युक्ती योजली. त्यांचा निकाल पुन्हा ड्रूडच्या विरोधात गेला. दोन्ही बाजूंना कुशल प्रयोगकर्ते आहेत, आणि पाठ्यपुस्तकातले साधे गृहीतक प्रयोगशाळेत का अडखळते याचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही.

१९/
हा वाद केवळ पंडितांचा नाही. गुरुत्वाकर्षणाचा नियम मायक्रॉनच्या अंतरावर बदलतो का, एखादे अज्ञात बल तेथे दडले आहे का, हे शोधणारे आधी कॅसिमिर बल वजा करतात आणि उरलेल्यात नवे काही दिसते का ते पाहतात. वजा करायचा आकडाच वादग्रस्त असेल, तर उरलेल्यावर काय विश्वास ठेवायचा? दुसरीकडे, सिलिकॉनवर कोरलेल्या सूक्ष्म यंत्रांचे हलते भाग याच बलाच्या टापूत येतात. २००१ मध्ये बेल प्रयोगशाळेतील गटाने या बलाने एक सूक्ष्म पट्टी प्रत्यक्ष फिरवून दाखवली. असे भाग एकमेकांना चिकटून निकामी होण्याचा धोका अभियंत्यांना विचारात घ्यावा लागतो.

२०/
आता लोकप्रिय कथनाकडे वळू. मोठ्या लाटांत शेजारी उभी असलेली दोन गलबते एकमेकांकडे ओढली जातात, असे फ्रेंच लेखक कॉसे यांच्या १८३६ च्या नाविकांसाठीच्या पुस्तकात लिहिले आहे, आणि तो कॅसिमिर परिणामाचा समुद्रावरील अवतार होय, ही कथा १९९६ नंतर फार पसरली. २००६ च्या सुमारास फाब्रिझिओ पिंटो यांनी मूळ पुस्तक उघडून पाहिले. तेथे हे आकर्षण उसळत्या लाटांत सांगितलेले नसून शांत समुद्रात सांगितलेले आढळले! पुस्तक उपलब्ध होते. ते न उघडता अनेकांनी गोष्ट पुढे ढकलली. दहा वर्षे ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून चालली.

२१/
त्याहून मोठी अतिशयोक्ती म्हणजे ‘कॅसिमिर बल मोजले गेले, म्हणून पोकळीतील ऊर्जा सिद्ध झाली’ हे विधान. २००५ मध्ये रॉबर्ट जॅफे यांनी दाखवून दिले की, हेच बल शून्यबिंदू ऊर्जेचा उल्लेखही न करता, धातूतील भार आणि प्रवाह यांच्या परस्परक्रियेतून काढता येते. भार आणि प्रकाश यांची जोडणी शून्यावर नेली की हे बलही नाहीसे होते. त्याआधी १९७० च्या दशकात श्विंगर यांनीही पोकळीच्या ऊर्जेचा आधार न घेता हे उत्तर काढले होते. बल खरे आहे, मापन खरे आहे. त्यावरून पोकळीविषयी काय म्हणावे, हा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे आणि तो मापनाने सुटलेला नाही.

२२/
हा भेद पुसला की बाजार मांडायला जागा मिळते. ‘शून्यातून अमर्याद ऊर्जा’ विकू पाहणारे दावे अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरतात आणि त्यांत कॅसिमिर यांचे नाव आवर्जून असते. हिशेब साधा आहे. दोन पत्रे जवळ येताना थोडी ऊर्जा देतात. ते पुन्हा दूर करताना तेवढीच ऊर्जा परत द्यावी लागते. उतारावरून घरंगळलेला दगड पुन्हा वर न्यावा लागतो, तसेच हे. या चक्रातून फुकट काही हाती लागत नाही.

२३/
येथे एक आक्षेप रास्त आहे. सगळेच स्पारनाय झाले, तर विज्ञान पुढे कसे जाईल? १९९७ चा धाडसी दावा नसता, तर पुढच्या पंचवीस वर्षांचे काम कदाचित झालेच नसते. निधी, विद्यार्थी आणि उत्साह हे सारे ठाम वाक्यांमागे येतात. हे खरे आहे. पण त्या दाव्याचे मूल्य टिकले ते त्याच्यामागून आलेल्या शुद्धिपत्रामुळे. धाडस आणि दुरुस्ती अशी जोडी हवी. दुरुस्तीविना धाडस ही नुसती जाहिरात ठरते. आणि बातमी दाव्याची होते, दुरुस्तीची होत नाही. दोष तेथे आहे, आणि त्यात वाचकाचाही वाटा आहे.

२४/
म्हणून विज्ञानाच्या बातमीत ‘५ टक्के’, ‘१ टक्का’ असे आकडे दिसले की तीन गोष्टी विचारायची सवय लागायला हवी. नेमके काय मोजले, मोजलेल्यातून काय वजा केले, आणि वजा केलेले कशावरून ठरवले? कॅसिमिर बलाच्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात दडलेला आहे. भार, धूळ, वक्रता, सोन्याचा रोध: मोजणारे पोकळीकडे निघाले आणि वाटेत दर वेळी त्यांची गाठ पदार्थाशीच पडली.

२५/
स्पारनाय यांच्या प्रयोगात डासाच्या वजनाहूनही कमी ओढ होती आणि तिच्याइतकीच मोठी अनिश्चितता. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या आणि लेखणी खाली ठेवली. पुढच्या पिढ्यांनी ती अनिश्चितता १०० वरून समांतर पत्र्यांसाठी १५ टक्क्यांवर आणि गोळा-पट्टीच्या मांडणीत १ टक्क्यावर आणली. त्यांना ते साधले, कारण आधीच्याने ती लपवली नव्हती. किती ठाऊक आहे हे सांगणाऱ्यांची नावे इतिहास जपतो. किती ठाऊक नाही हे नेमके सांगणाऱ्याचे नावही त्याच ओळीत असावे, एवढीच या धाग्याची मागणी आहे.